आवाज गेला, नेट गेलं, तरी फॉरमॅट नको!



गेल्या काही महिन्यांत संघांच्या कार्यालयांमधून दोन तक्रारी सारख्या येत आहेत. पहिली, "मॅडम, कॉम्प्युटर मुका झाला." दुसरी, "नेट लागूनच नाही राहिलं." आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन केला की तिसरं वाक्य ऐकू येतं, "मेकॅनिक म्हणते, फॉरमॅट मारा लागते."

हा लेख त्या तिसऱ्या वाक्यासाठी आहे. फॉरमॅट करणं म्हणजे कॉम्प्युटरची डिस्क पुसून सगळं नव्यानं भरणं. त्या डिस्कवर आपल्या गटांच्या बचतीच्या याद्या असतात, कर्जाचे हप्ते असतात, ऑडिटची पत्रकं असतात, ठरावांच्या प्रती असतात. आवाज बंद पडला म्हणून हे सगळं पुसायचं? आवाजाच्या आणि नेटच्या बहुतेक तक्रारी वायर, बटण, रिचार्ज किंवा एखाद्या सेटिंगपाशीच मिटतात. फॉरमॅटची वेळ क्वचितच येते. पण हे आपल्याला माहीत असेल तरच आपण "थांबा भाऊ, आधी आम्ही तपासतो" असं म्हणू शकतो.

आणि आवाजाचं काम साधं समजू नका. आता आढावा बैठका ऑनलाइन होतात, प्रशिक्षणं ऑनलाइन होतात, बँकेची माहितीसुद्धा स्क्रीनवर मिळते. स्क्रीनवर आपले चेहरे दिसतात, पण आवाज पोचत नाही, तेव्हा पलीकडचे "ठीक आहे, पुढं जाऊ" म्हणतात. आपली अडचण सांगायची राहूनच जाते.

विहिरीवरची मोटार आठवा

मोटारीनं पाणी फेकलं नाही तर आपण लगेच नवी विहीर खोदतो का? आधी लाइन आहे का पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूटवॉल्व्ह. मोटार खोलायची पाळी सगळ्यात शेवटी येते. कॉम्प्युटरचंही असंच करायचं. तीन नियम पाळा:

१. सोप्या गोष्टीपासून सुरुवात करा. आधी वायर, मग बटण, मग सेटिंग.
२. एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम हलवल्या तर नेमकं कशानं झालं ते कळत नाही.
३. केलेला प्रत्येक बदल वहीत लिहा. नाही जमलं तर पूर्वी होतं तसं करून ठेवा.

आपल्या मशीनवर लिनक्स का आहे?

बऱ्याच कार्यालयांत जुने डेस्कटॉप आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबवली, आणि विंडोज ११ अनेक जुन्या मशीनवर चालत नाही. अशा मशीनला लिनक्स सोयीचं पडतं. ते फुकट मिळतं, कायदेशीर असतं, आणि त्याला चोरीची कॉपी टाकावी लागत नाही. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये त्याची सुरुवात केली. आज उबुंटू, मिंट अशी त्याची वेगवेगळी रूपं आहेत. आपल्या सी-डॅक संस्थेनं बॉस लिनक्स केलं आहे, त्यात मराठीची सोय आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं तर लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. त्यामुळे "हे लिनक्स आहे म्हणून चालत नाही" असं कोणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका.

खाली सांगितलेल्या गोष्टी मिंट आणि उबुंटूवर बघता येतील. मेनूत नावं थोडी वेगळी दिसली तरी क्रम हाच ठेवा.

भाग पहिला : आवाज येत नाही

*पायरी १, वायर.* स्पीकरचा लाइट लागला आहे का? त्याचा आवाजाचा गोल खटका वाढवलेला आहे का? मग डब्याच्या मागं बघा. तिथं रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. झाडताना किंवा टेबल सरकवताना स्पीकरची पिन निळ्यात किंवा गुलाबीत जाते आणि आवाज बंद होतो. समोरच्या बाजूचं भोक चालत नसेल तर मागच्या हिरव्यात लावून पाहा. कधी कधी समोरच्या भोकाची वायर आतून जोडलेलीच नसते.

*पायरी २, खात्री.* तोच स्पीकर मोबाइलला लावून पाहा. मोबाइलवर वाजला तर स्पीकर चांगला, दोष कॉम्प्युटरकडे. मोबाइलवरही वाजला नाही तर स्पीकर किंवा त्याची वायर गेली. एवढ्या एका तपासणीनं अर्धं काम होतं.

*पायरी ३, म्यूट.* स्क्रीनच्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असतं. त्यावर फुली किंवा आडवी रेघ असेल तर आवाज बंद केलेला आहे. व्हिडिओच्या खालचं स्पीकरचं चित्रही बघा. ब्राउझरमध्ये वरच्या टॅबवरसुद्धा वेगळं म्यूट असतं. म्हणजे एकाच आवाजाला तीन-चार ठिकाणी तोट्या आहेत. एक जरी बंद असली तरी पाणी येत नाही.

*पायरी ४, आवाज कुठं चालला आहे?* स्क्रीन एचडीएमआय वायरनं जोडलेली असेल तर हे फार होतं. ही वायर चित्राबरोबर आवाजही नेते. कॉम्प्युटर आवाज स्क्रीनकडे पाठवतो, आणि स्क्रीनला स्पीकरच नसतो! सेटिंगमध्ये 'साउंड' उघडा, 'आउटपुट' मध्ये जा. तिथं एचडीएमआय निवडलेलं दिसलं तर त्याऐवजी 'ॲनालॉग', 'लाइन आउट' किंवा 'हेडफोन्स' असं लिहिलेलं निवडा. तिथंच 'टेस्ट'चं बटण असतं, ते दाबून डावा-उजवा स्पीकर तपासता येतो.

*पायरी ५, आतला खटका.* इथवर करूनही आवाज नाही आला, तर एक आतली पाटी उघडायची. कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकदम दाबा. काळी खिडकी उघडेल, तिला टर्मिनल म्हणतात. तिला पाहून घाबरू नका. तिथं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ए-एल-एस-ए-एम-आय-एक्स-ई-आर लिहा आणि एंटर दाबा. या प्रोग्रामचं नाव अल्सामिक्सर. एफ-६ दाबून आपल्या साउंड कार्डाचं नाव निवडा. उभ्या पट्ट्या दिसतील. पट्टीच्या खाली दोन 'एम' दिसले तर ती पट्टी म्यूट आहे. डाव्या-उजव्या बाणांनी त्या पट्टीवर जा, 'एम' हे बटण दाबा, तिथं दोन शून्यं येतील. मग वरच्या बाणानं पट्टी चढवा. 'मास्टर', 'हेडफोन' आणि 'पीसीएम' या पट्ट्या आधी बघा. झाल्यावर एस्केप दाबून बाहेर या.

*पायरी ६, 'डमी आउटपुट'.* साउंडच्या यादीत फक्त 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर कॉम्प्युटरला साउंड कार्डच सापडत नाही. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, मिनिटभर थांबा, पुन्हा चालू करा. अपडेट झाल्यापासूनच असं होत असेल तर मशीन चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा आणि जुनी आवृत्ती निवडा. लिनक्स जुनी आवृत्ती शिल्लक ठेवतं, ती अशा वेळी कामी येते. तरीही कार्ड दिसलं नाही, तर मदरबोर्ड बदलण्याआधी यूएसबीचा हेडफोन किंवा छोटं यूएसबी साउंड कार्ड लावून पाहा. बहुतेक यूएसबी कार्डं लिनक्सवर काही न टाकता चालतात, आणि मदरबोर्डच्या मानानं फार स्वस्त पडतात.

आपला आवाज पलीकडे जात नाही

हे स्पीकरपेक्षा वेगळं दुखणं आहे. आपल्याला त्यांचं ऐकू येतं, त्यांना आपलं नाही.

सगळ्यात आधी पिन बघा. मोबाइलच्या इयरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात, कारण ऐकणं आणि बोलणं एकाच पिनेत असतं. डेस्कटॉपला मात्र बऱ्याचदा हिरवं आणि गुलाबी अशी दोन वेगळी भोकं असतात. मोबाइलचा इयरफोन तिथं लावला तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. एका पिनेच्या दोन करणारी जोडवायर मोबाइलच्या दुकानात मिळते, ती आणा, नाही तर यूएसबीचा हेडफोन घ्या.

मग 'साउंड' मध्ये 'इनपुट' उघडा आणि बोलून पाहा. बोलताना पट्टी हलते का? हलत असेल तर माइक चालू आहे. मग दोष बैठकीच्या प्रोग्रामकडे. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून माइकला 'अलाऊ' आहे का ते बघा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणीतरी घाईत 'ब्लॉक' दाबलेलं असतं, आणि ते तसंच राहतं. पट्टी हलतच नसेल तर पुन्हा वायर, पिन, आणि इनपुटच्या यादीत दुसरा माइक निवडला आहे का, ते पाहा.

बैठकीच्या आधी अर्धा तास ही तपासणी करा. बैठक सुरू झाल्यावर सगळ्याच गडबडतात.

भाग दुसरा : नेट लागत नाही

आपल्याकडे तीन प्रकारे नेट घेतात. मोबाइलला यूएसबी वायर लावून, डोंगल लावून, किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. जुन्या डेस्कटॉपमध्ये वाय-फाय बऱ्याचदा नसतंच, म्हणून हॉटस्पॉट दिसत नाही. तो बिघाड नाही.

*आधी मोबाइलवर तपासा.* मोबाइलवर नेट चालतं का? नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका. रिचार्ज संपला आहे का, दिवसाचा डेटा संपला आहे का, बघा. हा मुद्दा नीट समजून घ्या. रोजचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएस इतका उतरतो. चिन्ह दिसत राहतं, म्हणून वाटतं कॉम्प्युटर बिघडला. ५ एमबीचा एक फोटो त्या वेगानं पाठवायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते घरच्या टेलिफोनवरून डायल करून लागायचं. नेट चालू असलं की फोन अडकून राहायचा. पुढं त्या डायल-अप मोडेमचा वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएसपर्यंत गेला. म्हणजे डेटा संपल्यावर आपण जवळपास त्याच जमान्यात जातो. अशा वेळी दुरुस्ती करायची नसते, डेटा पॅक टाकायचा असतो.

*मोबाइल वायरनं जोडताना.* वायर लावली की मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. ते बटण फिकट दिसत असेल, दाबलंच जात नसेल, तर वायर बदला. काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. फोन चार्ज होतो म्हणून वायर चांगली, असं समजू नका. लिनक्सवर यासाठी काही टाकावं लागत नाही. हे नेट 'वायर्ड कनेक्शन' या नावानं दिसतं, म्हणून मोबाइलचं नाव शोधत बसू नका.

*डोंगल असेल तर.* डोंगल हा आजचा डायल-अपच आहे. जुने डोंगल आतून *९९# असा नंबर फिरवतात. तुम्ही म्हणाल, हा तर नेट नसताना मोबाइलवरून बँकेचं खातं पाहायचा नंबर! अक्षरं तीच आहेत, काम वेगळं आहे. डोंगलच्या सेटिंगमध्ये हा नंबर दिसला तर पुसू नका. आपण तपासायचं ते 'एपीएन' नावाचं खानं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल ब्रॉडबँड' जोडा, देश भारत निवडा, कंपनी निवडा. एपीएन हाती लिहावं लागलं तर बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट', जिओला 'जिओनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. हे इंग्रजी लहान अक्षरांत, सलग लिहायचं.

आणि एक महत्त्वाचं. कपाटात पडलेला जुना ३जी डोंगल असेल तर त्यावर खर्च करू नका. जिओला २जी-३जी नेटवर्क नाहीच, त्यामुळे जिओचं सिम त्यात कधीच चालणार नाही. एअरटेलनंही ३जी बंद केलं आहे. दोष तुमचा नाही, लिनक्सचाही नाही. त्यापेक्षा मोबाइल वायरनं जोडा.

*रेंज.* धारणी, चिखलदऱ्याकडच्या डोंगरातल्या गावांत रेंजच मुळात कमी. मोबाइल खिडकीजवळ ठेवा, लांब वायर वापरा. बैठकीत स्वतःचा व्हिडिओ बंद ठेवा, फक्त आवाज चालू ठेवा. आवाजाला चित्रापेक्षा फार कमी डेटा लागतो. चेहरा नाही दिसला तरी चालेल, म्हणणं पोचलं पाहिजे.

*नेट आहे की नाही, पक्कं कसं कळेल?* टर्मिनलमध्ये पी-आय-एन-जी लिहा, एक जागा सोडा, मग ८.८.८.८ लिहा (आकडे इंग्रजी) आणि एंटर दाबा. एकाखाली एक ओळी येऊ लागल्या आणि शेवटी 'एमएस' दिसलं तर नेट चालू आहे. थांबवायला कंट्रोल आणि सी. ओळी येतात पण वेबसाइट उघडत नाही, असं असेल तर नेटला नंबर सापडतो, नाव सापडत नाही. जसं फोन चालू आहे, पण त्यातली नावांची यादी उघडत नाही. आधी कनेक्शन तोडून पुन्हा जोडा. नाही जमलं तर कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'डीएनएस' च्या खान्यात हाच आकडा लिहा.

तारीख चुकली तर नेटही रुसतं

जुन्या डेस्कटॉपमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. लाइट गेल्यावर तोच घड्याळ चालू ठेवतो. तो संपला की लाइट गेली की कॉम्प्युटरची तारीख मागच्या कुठल्यातरी सालावर जाते. मग ब्राउझर म्हणतो 'हे कनेक्शन सुरक्षित नाही', आणि बँकेचं, सरकारी पानं काहीच उघडत नाहीत. आपल्याकडे लाइट जाणं नवीन नाही, म्हणून ही तक्रार वारंवार येते. कोपऱ्यातली तारीख बघा, चुकली असेल तर दुरुस्त करा, आणि सेल बदलून घ्या. हिशोबाच्या एंट्रीवर चुकीची तारीख पडली तर ऑडिटमध्येही त्रास होतो.

मेकॅनिकला बोलवायचं तेव्हा

जळका वास आला, डब्यातून ठिणगी आली, मशीन चालूच होत नसेल, तर स्वतः उघडू नका, प्लग काढा आणि बोलवा. बाकी वेळी वरच्या पायऱ्या झाल्यावर बोलवा आणि वही समोर ठेवा. "बिघडला" एवढंच सांगू नका. "स्पीकर मोबाइलवर वाजतो, साउंडमध्ये डमी आउटपुट दिसतं, मागच्या अपडेटपासून असं आहे", असं सांगा. नेमकं सांगणाऱ्या बाईला कुणी सहज गुंडाळत नाही.

फॉरमॅटची गोष्ट निघाली तर तीन प्रश्न विचारा. दोष नेमका कोणता? फॉरमॅटशिवाय दुसरा उपाय का नाही? आमचा हिशोब आधी कुठं उतरवून देणार? तिसऱ्याचं उत्तर मिळाल्याशिवाय आणि पेनड्राइव्हवर फाइली उघडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. हा निर्णय एकट्या लेखापाल ताईंवर टाकू नका, अध्यक्ष-सचिवांना सांगूनच घ्या.

नेटवर सापडलेली लांबलचक आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये चिकटवू नका. आणि फोनवरून कुणी अनोळखी माणूस "मी दुरुस्त करून देतो, हे ॲप टाका" म्हणाला, तर फोन ठेवा. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

या आठवड्यात करायची कामं

एक, शनिवारी हिशोबाच्या फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवा. एक कार्यालयात, एक अध्यक्षांच्या घरी ठेवा. दोन, कॉम्प्युटरशेजारी एक वही ठेवा. तारीख, काय झालं, काय केलं, कशानं बरं झालं, एवढंच लिहायचं. तीन, या लेखातल्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा. चार, कॉम्प्युटर एकीलाच येतो असं ठेवू नका. प्रत्येक गटातून एक ताई या पायऱ्या हातानं करून पाहू द्या, नाही तर ती एक बाई माहेरी गेली की कार्यालय बंद.

पुढच्या मासिक बैठकीला ही वही घेऊन या. कुठल्या गावात काय अडलं आणि कशानं सुटलं, ते एकमेकींना सांगू. अकोटच्या ताईंनी सोडवलेली अडचण दर्यापूरच्या ताईंनी पुन्हा पहिल्यापासून का सोडवायची?